कुंपणाचे जावळ

हिरवे कुंपण, म्हणजे माळी, रोपवाटिकावाले आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी ज्याला सरसकट ‘हेज’ म्हणतात ते, ही वनस्पतींवर लादलेली एक सामूहिक शिस्त होय. जी झुडपे एकेकटी सोडली असती तर आपापल्या कुवतीनुसार उंच, वाकडी आणि फुलांनी लगडलेली होऊन सुखाने जगली असती, त्यांना एका चरात फूट-फूट अंतरावर उभे केले जाते, त्यांची मुळे एकमेकांत गुंततात, त्यांचे अन्नपाणी समाईक होते आणि पुढे आयुष्यभर त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रश्न कात्रीने निकालात काढला जातो. महाराष्ट्रातील शहरी बागांत या कामासाठी मुख्यतः मेंदी, कोयनेल, दुरांटा आणि कामिनी (हिलाच काही ठिकाणी कुंती म्हणतात) यांची निवड होते; खेड्यांत शेताच्या बांधावर मोगली एरंड, शेर, घायपात किंवा उंदीरमारी उभी असते, तर कोकणात ‘वई’ या नावाने ओळखले जाणारे कुंपण काटक्या, जिवंत खुंट आणि वेली यांच्या संगनमताने तयार होते. वईला कोणी आकार देत नाही, कारण वईकडून गुरे बाहेर ठेवण्यापलीकडे कसलीच अपेक्षा नसते. शहरी हेजकडून मात्र गुरे सोडून बाकी सर्व गोष्टींची अपेक्षा असते. तिने धूळ अडवावी, रस्त्यावरच्या नजरा अडवाव्यात, शेजाऱ्याची मोटार दिसू देऊ नये, शेजाऱ्याकडे कोण आले ते मात्र दिसू द्यावे, आणि हे सर्व लावल्यापासून पहिल्या दिवाळीच्या आत करून दाखवावे, असा तिच्याशी केलेला अलिखित करार असतो.

या करारातील शेवटची अट सगळ्या अनर्थाचे मूळ आहे. कुंपण लवकर उंच व्हावे म्हणून घरमालक त्याला हात लावू देत नाही, आणि हात न लावल्यामुळे ते उंच होते खरे, पण कुंपण होत नाही. कोवळ्या हेजची पहिली छाटणी ही ती लावल्यावर थोड्याच आठवड्यांत, म्हणजे ती कापावी असे कोणालाही वाटत नसताना करावयाची असते, आणि म्हणूनच बहुसंख्य बागांत ती होत नाही. लहान मुलाचे जावळ काढताना आजी ठाम असते, आईचा जीव खालीवर होतो, मामा मुलाला मांडीवर धरून अवघडलेला असतो आणि केस पुढे दाट येतील असे सर्वजण एकमेकांना बजावत असतात. पहिल्या छाटणीच्या वेळी कुंपणाभोवती जमलेल्या कुटुंबाची स्थिती याहून फारशी निराळी नसते. फरक इतकाच, की जावळाने केस दाट होतात याला शास्त्राधार नाही. कुंपणाच्या बाबतीत तो आहे.

तो आधार असा. झुडपाच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला एक शेंडा असतो आणि खाली प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक डोळा, म्हणजे सुप्त अंकुर, दबा धरून बसलेला असतो. शेंडा वाढत असेपर्यंत हे डोळे सहसा फुटत नाहीत. या व्यवस्थेला वनस्पतिशास्त्रात शेंड्याचे वर्चस्व म्हणतात, आणि एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला तिचे अधिक स्पष्टीकरण लागू नये. शेंड्यात तयार होऊन खोडातून खाली वाहणारे ऑक्झिन नावाचे संप्रेरक (म्हणजे अत्यल्प प्रमाणात असूनही वाढीचे निर्णय घेणारे द्रव्य) या दडपणामागे असते, हे केनेथ थीमन आणि फोल्के स्कूग या संशोधकांनी १९३३ मध्ये घेवड्याच्या कुळातील बाकल्याच्या रोपांवर दाखवले. त्यांनी रोपाचा शेंडा उडवला तेव्हा खालचे डोळे जागे झाले. शेंड्याच्या जागी ऑक्झिन ठेवले तेव्हा ते पुन्हा गप्प बसले. पुढील संशोधनात या कारभारात आणखीही द्रव्ये सामील असल्याचे दिसून आले, शिवाय वाढता शेंडा रोपातील साखर आपल्याकडे ओढून घेतो आणि डोळ्यांच्या वाट्याला ती पुरेशी येत नाही असेही आढळले, म्हणजे अधिकार आणि गोडधोड दोन्ही एकाच ठिकाणी साचलेले असते. शेंडा कापला की ही मक्तेदारी मोडते, कापलेल्या जागेखालचे दोन-तीन किंवा अधिक डोळे एकदम फुटतात, आणि एका काडीच्या जागी अनेक काड्या उभ्या राहतात. त्या प्रत्येकीचा शेंडा पुन्हा खुडला की पुन्हा तेच. हेजची दाटी ही वाढू दिल्याने येत नसून वेळोवेळी वाढ नाकारल्याने येते.

आता हे प्रत्यक्षात कसे घडते, किंवा घडत नाही, ते पाहू. आषाढाच्या सुमारास पाऊस स्थिरावला, की दीड फूट रुंद आणि तितकाच खोल चर खणून, त्यात शेणखत मिसळून, फूटभर अंतरावर दोन ओळींत, पुढच्या ओळीतील दोन रोपांच्या मध्ये मागच्या ओळीतील रोप येईल अशा नागमोडी पद्धतीने रोपे लावली जातात. रोपवाटिकेत दोन मापांची रोपे मिळतात, वीतभर उंचीची स्वस्त आणि कमरेइतक्या उंचीची महाग, आणि ग्राहक बहुधा महागडी घेतो, कारण त्याने आपली एक-दोन वर्षे विकत घेतली अशी त्याची समजूत असते. ही उंच रोपे पुष्कळदा पिशवीत दाटीवाटीने आणि एकमेकांच्या सावलीत वाढलेली असल्यामुळे खाली दांडकी आणि वर झुपका अशा अवस्थेत असतात. तीन-चार आठवड्यांनी त्यांना नवी पालवी दिसू लागली, म्हणजे मुळांनी जमीन धरली, की जाणता माळी त्यांना जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावयाचे सुचवतो. या क्षणी घरमालकाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात त्यांत उंचीचा प्रत्येक फूट किती रुपयांना पडला याचा हिशेब स्पष्ट वाचता येतो, आणि दहांपैकी नऊ प्रसंगी “आत्ता नको, जरा मोठी होऊ द्या” हे वाक्य उच्चारले जाते. माळी मान डोलावतो. माळ्याला वाद घालण्याचे पैसे मिळत नाहीत.

दहाव्या प्रसंगी मात्र, म्हणजे घरमालक परगावी असताना किंवा माळी वयाने फारच ज्येष्ठ असताना, छाटणी होते, आणि ती अशी होते. रोप जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवर, एखाद्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार सिकेटरने (हातात मावणाऱ्या छाटणीच्या कात्रीला सर्वत्र हेच नाव आहे) कापले जाते. जी रोपे मुळातच बुटकी असतात त्यांचाही निदान शेंडा खुडला जातो, कारण ओळीत कोणालाच सूट देऊन चालत नाही. त्यानंतर नवी फूट वीतभर लांब झाली की तिचा अर्धा भाग कापावयाचा, उरलेल्या अर्ध्यावर पुन्हा फूट येऊ द्यावयाची, ती वीतभर झाली की पुन्हा अर्धी कापावयाची, असा क्रम चालतो. प्रत्येक छाटणीत कुंपण सुमारे चार बोटे वर सरकते, म्हणजे त्याला उंची ही हप्त्याहप्त्याने मंजूर होते. दुरांट्यासारखे धावते झुडूप पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी हा हप्ता मागते. कामिनी संथ असते आणि तिला तितकी घाई नसते. या पद्धतीने वाढवलेले कुंपण छातीइतके उंच व्हावयास दोन-तीन वर्षे लागतात, आणि त्या काळात शेजाऱ्याचे न कापलेले कुंपण कधीच डोक्यावर गेलेले असते. शेजारी ही गोष्ट लक्षात आणून देतोच.

ऋतूंचा विचार येथे अपरिहार्य आहे. आपल्याकडे झुडपांची मुख्य वाढ पावसाळ्यात होते, म्हणून कोवळ्या कुंपणाला वळण लावण्याचा काळही तोच. मोठी छाटणी, म्हणजे जुन्या लाकडापर्यंत जाणारी, मृगाच्या पावसाच्या तोंडावर करावी आणि दुसरी नीटनेटकी छाटणी पाऊस ओसरल्यावर दसऱ्याच्या आसपास करावी, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. दसऱ्याची छाटणी घरमालकांना विशेष आवडते, कारण तिचा निकाल दिवाळीच्या पाहुण्यांना दिसतो. थंडीत वाढ मंदावते तेव्हा कात्री बाजूला ठेवलेली बरी. एप्रिल-मे महिन्यांत मात्र कात्रीला कुलूप लावावे, कारण भर उन्हाळ्यात वरचा थर उतरवला की आत सावलीत वाढलेली नाजूक पाने एकदम उघडी पडतात आणि दोन दिवसांत करपून तपकिरी होतात. असे असूनही सुट्ट्या याच महिन्यांत येतात, घरात मोकळा बसलेला पुरुषवर्ग याच महिन्यांत कात्री शोधू लागतो आणि निवृत्त सभासदांना बागेची आठवण याच महिन्यांत तीव्रतेने होते, त्यामुळे शहरातील कुंपणांची जी हानी होते तिचा मोठा वाटा उन्हाळी सुट्टीच्या नावावर मांडावा लागतो. भर पावसात ओल्या झुडपावर कात्री चालवू नये, कारण ओल्या जखमांतून बुरशी शिरते, म्हणून उघडीप पाहावी. पुण्याला ती मिळते. सावंतवाडीला आषाढात ती मागणे हा आशावाद होय.

छाटणी कधी करावी याबाबत मतभेद थोडे आहेत. आकाराबाबत ते अनंत आहेत. शास्त्र सांगते, की कुंपणाचा छेद घेतला असता तो पायाशी रुंद आणि माथ्याशी निमुळता असावा. चार फूट उंचीच्या कुंपणाला पायथ्याशी दोन फूट रुंदी ठेवली तर माथ्याला दीड फूट पुरे. शाळेच्या भूमितीत समलंब चौकोन म्हणून जी आकृती एका दुपारपुरती शिकवली जाते ती जन्मभरात पुन्हा उपयोगी पडण्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग आहे. कारण साधे आहे: माथा रुंद राहिला तर खालच्या फांद्या त्याच्या सावलीत येतात, सावलीतील पाने झाडाला पोसण्यापेक्षा स्वतःच जास्त खातात, म्हणून झाड ती गाळून टाकते, आणि पाहता पाहता वर हिरवागार झुपका व खाली उघडी दांडकी असे दृश्य तयार होते, ज्यातून मांजर, कुत्रे, चेंडू आणि चेंडूमागची मुले विनासायास ये-जा करतात. गंमत अशी, की माणसाची कात्री नेमकी उलटा आकार घडवू पाहते. उभ्याने काम करणाऱ्याचा हात खांद्याशी घट्ट धरतो आणि खाली सैल पडतो, गुडघ्याखाली वाकावयास कंबर तयार नसते, शिवाय माथा सपाट दिसला की डोळ्याला समाधान वाटते. म्हणून बहुतेक कुंपणांचा माथा आरशासारखा आणि बाजू वाऱ्यावर सोडलेल्या असतात. कोवळ्या कुंपणाची बाजूसुद्धा पहिल्या वर्षापासून कापावी लागते, ही गोष्ट तर जवळजवळ गुप्त ज्ञानात मोडते. बाजूने वाढलेली फांदी म्हणजे फुकटची रुंदी, ती कापणे म्हणजे उधळपट्टी, असा मध्यमवर्गीय अर्थशास्त्राचा निवाडा असतो, आणि तो कुंपणाच्या बाबतीत साफ चुकीचा आहे, कारण न कापलेली बाजू लांब वाढते, दाट होत नाही आणि पहिल्या जोराच्या सरीत रस्त्यावर लोळण घेते.

माथा सरळ यावा यासाठी दोन टोकांना बांबू रोवून त्यांत सुतळी ताणली जाते आणि सुतळीच्या पातळीत कापले जाते. ही कृती सांगावयास सोपी असली तरी जमीन सपाट असेल तरच ती निर्वेध पार पडते. जमीन उतरती असेल, आणि बहुधा ती असतेच, तर सुतळी जमिनीशी समांतर धरावी की क्षितिजाशी, हा मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. जमिनीशी समांतर धरली तर कुंपण उतरते दिसते, क्षितिजाशी धरली तर एका टोकाला ते गुडघ्याएवढे आणि दुसऱ्या टोकाला डोक्याएवढे होते. बांधकामावरचे गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून पातळी काढतात, आणि ज्या संस्थेत एखादा सभासद स्थापत्य अभियंता असतो तेथे ही नळी कुंपणालाही लावली जाते. नळीच्या एका टोकाशी अभियंता, दुसऱ्या टोकाशी पहारेकरी, मधोमध कात्री घेऊन थांबलेला माळी, नळीत अडकलेला बुडबुडा आणि तो काढण्यासाठी दोन्ही टोकांनी परस्परविरोधी सूचना, असा तो देखावा असतो. तोवर ऊन चढते आणि काम उद्यावर जाते. बुडबुडा पहारेकऱ्याच्या टोकाशी होता, असे अभियंत्याचे मत कायम राहते.

उंचीचा निर्णय सर्वसाधारण सभेत होतो, हे या विषयाचे एक स्वतंत्र अंग आहे. तळमजल्यावरच्यांना कुंपण सहा फूट हवे असते, दुसऱ्या मजल्यावरच्यांना त्याचा खर्च मान्य नसतो, मोटार असणाऱ्यांना फाटकाजवळ ते अडीच फुटांहून अधिक चालत नाही कारण वळताना रस्ता दिसत नाही (या एका मुद्द्यावर त्यांचे म्हणणे सर्वस्वी बरोबर आहे), आणि ज्यांच्या खिडकीसमोर कुंपण येतच नाही त्यांचे मत सर्वांत दीर्घ असते. अखेर सरासरी काढून उंचीचा ठराव संमत होतो, तो इतिवृत्तात नोंदवला जातो, आणि पुढची सभा भरेपर्यंत कुंपण त्या उंचीच्या दुप्पट झालेले असते, कारण वनस्पतींना इतिवृत्त पाठवण्याची प्रथा नाही. मग एकाच दिवशी ठरावापर्यंत खाली कापले जाते. एका वेळी झुडपाच्या पानोऱ्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये, हा बागकामाचा जुना नियम आहे, कारण उरलेल्या पानांवरच झाडाला नव्या फुटीचा खर्च भागवावयाचा असतो. ठरावात मात्र हिस्से नसतात, फूट आणि इंच असतात.

कुंपण न कापल्यास काय होते याचे सर्वांत भव्य उदाहरण स्कॉटलंडमध्ये पर्थशायर परगण्यातील मायक्लूर येथे उभे आहे. तेथील बीच वृक्षांचे कुंपण १७४५ च्या सुमारास लावले गेले. लावणारी माणसे जॅकोबाइट बंडात लढावयास गेली आणि १७४६ च्या कलोडनच्या लढाईतून परतली नाहीत, म्हणून त्यांच्या स्मरणार्थ ते आकाशाकडे वाढू दिले, अशी आख्यायिका आहे. आज ते सुमारे ३० मीटर उंच आणि अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब असून जगातील सर्वांत उंच कुंपण म्हणून गणले जाते आणि त्याच्या छाटणीला यंत्रसामग्री आणावी लागते. आपल्याकडील पुष्कळ संस्थांची कुंपणे त्याच मार्गावर असली तरी त्यांच्या माळ्यांना युद्धावर गेल्याची सबब देता येत नाही, हा भेद लक्षात घेतला पाहिजे.

याउलट, कापण्याचा ध्यास घेतला तर एखादे सरकारही कुंपणापायी कसे कामाला लागते याचा दाखला भारतातच घडला. मिठावरील कराची चोरी रोखण्यासाठी ब्रिटिशांनी देशाच्या मधून जी अंतर्गत जकातरेषा आखली होती तिच्यावर शेकडो मैल जिवंत काटेरी कुंपण वाढवण्यात आले, आणि १८६७ ते १८७० या काळात त्या खात्याचे आयुक्त असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी या कामात असा जीव ओतला, की त्यांच्या आदर्श कल्पनेतील कुंपण १० ते १४ फूट उंच, ६ ते १२ फूट जाड आणि नीट कातरलेले असावयास हवे होते. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर जे जेथे जगेल ते तेथे लावले गेले. पंजाबातून निघालेले हे कुंपण खाली थेट बऱ्हाणपूरपर्यंत येत होते, आणि सुमारे १२,००० माणसे त्या रेषेवर तैनात होती. कुंपणच शेत खाते या म्हणीचा प्रत्यय तेथे अक्षरशः येत असे, कारण राखणदारांपैकी अनेकांना मिठाची पोती कुंपणातून जाताना दिसत नसत आणि न दिसण्याचा मोबदला मात्र दिसत असे. १८७९ मध्ये जकातरेषाच रद्द झाली, छाटणी थांबली आणि ते प्रचंड कुंपण लोकांच्या आठवणीतूनही इतके साफ नाहीसे झाले, की १९९० च्या दशकात रॉय मॉक्सहॅम या इंग्रज अभ्यासकाला त्याचा एक अवशेष इटावा जिल्ह्यात शोधून काढावा लागला आणि त्यावर २००१ मध्ये पुस्तक लिहावे लागले. ह्यूम पुढे १८८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत अग्रभागी होते. माणसांना वेगळे ठेवण्यापेक्षा एका सभागृहात एकत्र बसवणे कमी कष्टाचे असते, असे त्यांना वाटले असल्यास ते स्वाभाविक होते. त्या सभेचा पुढील इतिहास पाहता तेही कितपत खरे, हा वेगळा विषय आहे.

आकार देण्याच्या हौसेला आणखी जुनी परंपरा आहे. झुडपे कातरून त्यांचे पशुपक्षी आणि अक्षरे बनवण्याची कला रोमन लोकांना अवगत होती. धाकट्या प्लिनीने आपल्या टस्कनीतील बागेचे वर्णन करताना धन्याचे आणि कारागिराचे नाव झुडपांत कोरलेले असल्याचे नमूद केले आहे, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी नावाची पाटी लावण्याच्या हव्यासाला दोन हजार वर्षांचा आधार मिळतो. ही हौस अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात इतकी बोकाळली, की अलेक्झांडर पोप या कवीने १७१३ मध्ये एका लेखात कातरलेल्या झुडपांच्या विक्रीची खोटी यादी देऊन तिची यथेच्छ टवाळी केली. टवाळीने कात्र्या थांबल्या नाहीत. मुंबईत मलबार हिलवरील जलाशयाच्या माथ्यावर वसवलेल्या फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजे जनतेच्या हँगिंग गार्डनमध्ये, झुडपांचे प्राणी मुंबईकरांच्या अनेक पिढ्यांनी पाहिले आहेत, आणि सहलीवरून परतलेला गृहस्थ आपल्या दाराशी हत्ती करावा असे मनात आणूनच परततो. या बाबतीत जाणकारांचा सल्ला एकच: कोवळ्या कुंपणाला प्रथम कुंपण होऊ द्यावे. हत्तीसाठी आतून तारेचा सांगाडा, बरीच वर्षे आणि दर पंधरवड्याला कात्री लागते. पहिल्या दोन गोष्टी उत्साहात जमतात आणि तिसरी चुकली की पावसाळ्याच्या अखेरीस दाराशी कोणता प्राणी उभा आहे हे येणाऱ्याला विचारून घ्यावे लागते.

झुडपागणिक स्वभाव निराळे, हेही येथे नोंदवले पाहिजे. कोयनेल कडवट असल्यामुळे शेळ्या तिच्या वाटेला जात नाहीत, म्हणून तिची छाटणी पूर्णतः माणसाच्या भरवशावर असते. सोनेरी दुरांट्याची पाने उन्हात पिवळी आणि सावलीत हिरवी राहतात, त्यामुळे त्याला खोलवर कापले की रंग उडाल्याची तक्रार येते; त्याची पिवळीधमक फळे विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरी ती नियमित कापलेली बरी. कामिनीच्या बाबतीत द्विधा अवस्था होते, कारण तिची सुवासिक फुले फुटीच्या टोकांवर येतात आणि कात्री नेमकी तीच टोके नेते. कुंपण रेखीव हवे की संध्याकाळी वास हवा, हे घरात एकदा ठरवून घ्यावे लागते. मेंदीचे भाग्य मात्र थोर आहे. श्रावणात नागपंचमीच्या आदल्या दिवशी आळीतील मुली तिचे कोवळे शेंडे ओरबाडून नेतात, घरमालक खिडकीतून ओरडतो, आणि ज्या शेंड्यांना हात लावण्याचा धीर त्याला झाला नव्हता ते अशा रीतीने भर वाढीच्या हंगामात, योग्य लांबीवर आणि विनामोबदला खुडले जातात. रस्त्याच्या बाजूची मेंदी आतल्या बाजूपेक्षा दाट का असते, या कोड्याचे उत्तर बहुधा येथे आहे. कापण्यापूर्वी एकदा पानांत हात घालून पाहणे हेही कर्तव्यच समजावे, कारण उन्हाळ्यात बुलबुलाचे आणि पावसाळ्यात शिंपी पक्ष्याचे घरटे आत असण्याचा संभव असतो. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत साधारण चार आठवडे जातात, आणि तेवढ्यापुरता ठराव स्थगित ठेवण्यास सभासदांची हरकत नसते, कारण ते तसेही कात्रीची वाटच पाहत नसतात.

ज्यांच्या कुंपणाचे बालपण असे दुर्लक्षात गेले त्यांच्यासाठी शास्त्रात प्रायश्चित्त आहे. पायाशी उघडे पडलेले जुने कुंपण पावसाच्या तोंडावर जमिनीपासून फूटभर ठेवून कापावे, शेणखत आणि पाणी द्यावे, आणि फुटलेल्या धुमाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून वळण लावावे. धीर होत नसेल तर एका वर्षी एक बाजू खोडापर्यंत आणि पुढच्या वर्षी दुसरी, असे दोन हप्ते पाडावेत. मेंदी आणि दुरांटा ही कापणी मुकाट्याने सोसतात. घरातील माणसे सोसतीलच असे नाही, कारण मधले दोन महिने रस्त्यावरून थेट दिवाणखान्यातील दूरदर्शन संच दिसतो आणि त्यावर काय चालू आहे तेही.

उरला प्रश्न पलीकडच्या बाजूचा. कुंपण हद्दीवर असते, कापणारा आपल्या बाजूने कापतो आणि पलीकडची बाजू शेजाऱ्याची समजून सोडून देतो. शेजारी ती लावणाऱ्याची समजतो. परिणामी दरवर्षी अलीकडून थोडे कमी आणि पलीकडे थोडे अधिक असे होत कुंपणाचा पानोरा हळूहळू हद्द ओलांडतो, आणि काही वर्षांत खोडे एका सातबाऱ्यावर व हिरवळ दुसऱ्यावर अशी स्थिती येते. त्यावरून मोजणी मागवण्याच्या धमक्या दिल्या जातात. मोजणीदार हद्दीचे दगड पाहतो, पाने मोजत नाही, त्यामुळे तिचा निकाल कुंपणाला लागू पडत नाही. तिच्यासाठी भरावयाच्या फीपेक्षा माळ्याला कात्रीसह पलीकडच्या अंगणात पाठवणे स्वस्त पडते, असे अनुभवी सचिव सांगतात. अशा वेळी माळ्याला चहा कोणत्या बाजूने द्यावयाचा, हा विषय मात्र अद्याप कार्यक्रमपत्रिकेवर आलेला नाही.